यादी धाकटीची

थोरलीच्या पोटात दुखायला लागलं ते धाकट्या जावेला नोकरी लागली म्हणून नव्हे. नोकरी तर तिनंच लावून दिली होती. एक्स-रे केंद्रात वीस वर्षं अहवाल बडवणाऱ्या बाईचा शब्द डॉक्टरीणबाईंनी मोडला नाही. दुखणं सुरू झालं ते त्या यादीपासून.

धाकटीनं कॉम्प्युटरला एक यादी करून दिली होती. दोन अक्षरं टाइप केली की अख्खं वाक्य आपोआप उमटायचं. ‘हश’ लिहिलं की ‘हाड शाबूत आहे, कुठेही मोडलेलं नाही.’ थोरलीचे चाळीस अहवाल होईतो हिचे सत्तर, वर गप्पा मारायला मोकळी.

“जाऊबाई, तुमच्याही कॉम्प्युटरवर घातलीय. दोघींची एकच यादी.”

“मला दहा बोटं आहेत अजून,” थोरली सगळ्यांच्या देखत म्हणाली. आणि धाकटी उठून गेली की तीच यादी गुपचूप वापरू लागली. हेवा करावा आणि फायदाही घ्यावा, माणसाला दोन्ही जमतं.

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “नव्या शाखेत एकीला प्रमुख करायचंय. शनिवारी सांगते.” म्हणताना बघितलं धाकटीकडे. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वीस वर्षं आपण मान मोडायची, आणि खुर्ची कालच्या पोरीला?

गुरुवारी दुपारी धाकटी डबा धुवायला गेली. थोरलीनं तिच्या कॉम्प्युटरवर यादी उघडली आणि ‘हश’समोर लिहिलं, ‘हाड मनगटाशी मोडलेलं आहे.’ एकदा तोंडघशी पडू दे, म्हणजे कळेल.

आपल्या जागेवर येऊन तिनं पुढचा अहवाल ओढला. कुणा शिंप्याचं मनगट, धडधाकट. डोकं अजून धाकटीच्या फजितीत रमलेलं. बोटांनी सवयीनं दोन अक्षरं मारली आणि कागद सहीला गेला.

“अगंबाई, यादीत काय लिहून बसले मी!” थोड्या वेळानं धाकटी स्वतःशीच म्हणाली आणि वाक्य दुरुस्त केलं. झालं, डाव फसला म्हणून थोरली चडफडत घरी गेली.

शुक्रवारी शिंपी आला, कापून काढलेलं प्लास्टर घेऊन. दुसरीकडे दाखवलं तर हाड ठणठणीत निघालं होतं. डॉक्टरीणबाईंनी अहवाल टेबलावर आपटला. “कुणाचं काम हे?”

थोरलीनं वाक्य वाचलं. तिचंच, तिच्याच बोटांनी मारलेलं. अहवालावर टाइप करणारीचं नाव नसतं.

“माझंच, बाई,” धाकटी म्हणाली. “यादीत चुकलं होतं. बघितल्यावर सुधारलं, पण त्याआधी एक निसटला असणार. जाऊबाई तर यादीला हातही लावत नाहीत.”

थोरलीनं तोंड उघडलं. खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. डॉक्टरीणबाई तिच्याकडे वळल्या. “नवी शाखा तुम्हीच सांभाळा. हातानं केलेलं काम ते हातानं केलेलं.”

तिनं तोंड मिटलं.

संध्याकाळी दोघी बरोबरच घरी निघाल्या. धाकटीचे डोळे सुजले होते. “त्या बिचाऱ्याचा हात उगाच जखडला गेला माझ्यामुळे. तुमचंही नाव खराब केलं मी, जाऊबाई. रागावलात?”

“नाही गं,” थोरली म्हणाली. “चुका होतात.”

धाकटीनं तिचा हात घट्ट धरला. “तुमच्याएवढं मोठं मन मला कधी जमायचं नाही.”

घर येईपर्यंत तिनं तो हात सोडला नाही. आणि खुर्ची मिळालेली थोरली त्या रडक्या, स्वच्छ तोंडाकडे बघून पहिल्यापेक्षा जास्त जळत राहिली.