जांभळा पीळ

मित्रांनो, मी एक पीळ आहे. सांगलीतल्या एका प्रयोगशाळेत, फ्रिजमधल्या बोटाएवढ्या बाटलीत मी राहतो. वय म्हणाल तर अवघं चार वर्षं. पण वाट बघणाऱ्याला लवकर म्हातारपण येतं.

इथं संशोधन करणाऱ्या अपेक्षानं मला घडवलं. लोखंडाचे दोन अणू आणि त्यांच्याभोवती वेणीसारखे गुंफलेले तीन लांब रेणू, एवढाच माझा देह. हा पीळ कुणी हातानं घालत नाही. नेमकी ऊब लागली की पेड आपले आपण वळतात. सतरा वेळा नुसतं गढूळ पाणी झालं. अठराव्या वेळी मी जांभळा होऊन उमटलो, आणि अपेक्षा बाटली उजेडाकडे धरून कितीतरी वेळ बघत राहिली.

मी नक्कल आहे बरं का. बेडकाच्या कातडीत, अगदी तुमच्या घामातसुद्धा, जंतूंना मारणारे प्रथिनांचे इवले तुकडे असतात. त्यातले कितीतरी असेच पीळदार. जंतू आला की ते त्याच्या अंगाला भोक पाडतात. पण ते नाजूक, लवकर तुटतात. म्हणून तोच आकार धातूच्या आधारानं घडवला. त्या थोरल्यांनी जिवंत अंगाची ऊब पाहिली आहे. मी पाहिली ती काच. मला त्यांचा हेवा वाटतो.

अपेक्षाचे वडील फौजेत. आई लवकर गेली, म्हणून कोरेगावजवळच्या गावात रंगूआत्तीनं तिला वाढवलं. गेल्या वर्षी तुटलेल्या उसाच्या रानात आत्तीच्या पायाच्या बोटात बुडखा घुसला. दवाखान्यातून सात दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. तिसऱ्या दिवशी ठणका थांबला, तशा उरलेल्या गोळ्या तिनं शेजारच्या मंगलला देऊन टाकल्या. मंगलचा घसा दुखत होता. आत्तीचा औषधांचा डबाच तसा होता. गल्लीभरच्या उरलेल्या गोळ्या त्यात, आणि द्यायला हात सढळ. त्या मायेनंच घात केला. अर्धमेले जंतू पुन्हा उठले आणि आता ते कुठल्याच औषधाला बधेनात.

जखमेतले जंतू आमच्याकडे तपासायला आणले, तेव्हा प्रयोगशाळेच्या सरांना विचारून अपेक्षानं माझा एक थेंब त्यांच्यात सोडला. दुसऱ्या दिवशी चंद्राला पडावं तसं माझ्याभोवती स्वच्छ खळं पडलं होतं, तेवढ्यातले जंतू मेले होते.

तिकडे साताऱ्याच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणत होते, बोट काढा, नाहीतर पाय जाईल. आत्तीचा एकच हट्ट, भाचीचं औषध असताना बोट कशाला कापू? शेवटी अपेक्षानं मला कुणाला न सांगता पर्समध्ये घातलं आणि एसटी धरली. वाटभर मी बाटलीत हिंदकळत होतो. आज मी कुणाच्या तरी पायाला लागणार होतो.

अपेक्षानं झाकण काढलं. हात तसाच थांबला.

“लाव की,” आत्ती म्हणाली. “तूच केलंस न्हवं?”

“आत्ती, ह्यानं जंतू मरत्यात ते बघितलंय. तुझं रगात नासंल का, ते न्हाई बघितलं.”

“म्हंजी शाळंत घातलंस, पर परीक्षाच न्हाई दिली व्हय त्यानं?”

अपेक्षा हसायला गेली आणि रडली. तिनं झाकण लावलं. आत्ती पायाकडे बघत म्हणाली, “चल मग साताऱ्याला.”

बोट गेलं, पाय वाचला. मी मात्र परत फ्रिजमध्ये. तिच्यापासून वीतभर अंतरावरून मी माघारी आलो होतो.

पुढं कित्येक महिन्यांनी, परवानगीचे कागद झाल्यावर, जखम भरलेली आत्ती लंगडत आमच्या प्रयोगशाळेत आली. निरोगी माणसांचं रक्त तपासणीला हवं होतं. तिनं बाही वर केली. “पायाला न्हाई तर न्हाई. रगात घे आणि घे त्येची परीक्षा.”

तिच्या रक्तात मला सोडलं. इथं काही मारायचं नव्हतं, फक्त दुखवायचं नव्हतं. तासाभरानं नळीच्या तळाशी लाल पेशी शाबूत बसल्या होत्या आणि वरचं पाणी निवळ होतं, म्हणजे रक्त नासलं नव्हतं.

मित्रांनो, ही पहिलीच परीक्षा. अजून पुष्कळ राहिल्या आहेत, कदाचित एखादीत मी नापासही होईन. तोवर तुमची भिस्त जुन्याच औषधांवर आहे. डॉक्टर सांगतील तितके दिवस ती घ्या, मायेपोटीसुद्धा कुणाला वाटू नका. ती थकली आणि मी पोचलोच नाही, तर मधल्या वाटेवर तुम्हाला कोण सांभाळणार?

मी निघालो आहे. एका माणसाच्या रक्ताची ऊब मला आता ठाऊक आहे.