दुपारी आडवं व्हावं असं घर

मी सोफा-कम-बेड बोलतोय. दिवसा सोफा, रात्री पलंग; धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही. परदेशात राहणाऱ्यांना म्हणूनच मी जवळचा वाटत असेन.

कारखान्यात माझ्या पोटात स्प्रिंगा भरल्या, वर फोम चढवला, निळं कापड ताणून बसवलं. पुढे दुकानात लोक माझ्यावर टेकायचे, ‘विचार करून सांगतो’ म्हणायचे आणि गायब व्हायचे. मग परदेशात एकटी राहणारी ही मुलगी आली. माझ्यावर आडवी झाली आणि तिनं विचारलं, “वयस्कर माणसांना यावरून उठायला त्रास नाही ना होणार?” तेव्हाच मी ओळखलं, मी हिला स्वतःसाठी नकोय.

तिचं घर म्हणजे झोपायची इवलीशी खोली, स्वयंपाकाचा कोपरा आणि मी असतो ती खिडकीजवळची बाहेरची खोली. दिवसभर मी पेंगत असतो. माझ्यावर कुणी झोपलं, की त्याचं स्वप्न थोडं माझ्यात उतरतं. फोमच तो, सगळं शोषून घेतो.

पुढे आठवडाभरासाठी तिचे आईबाबा शहर बघायला आले. मुलीनं राजवाडा, संग्रहालय, नदीवरचा जुना पूल, सगळं आखून ठेवलं होतं. संध्याकाळी दोघं पाय चोळत परत येत. आईच्या स्वप्नात राजवाड्याच्या दिवाणखान्यात दोरी बांधलेली असे आणि झुंबराखाली लेकीचे कपडे वाळत असत. बाबा मात्र स्वप्नात सरळ आपल्या घरी जात. फाटकाला कडी घालत, गच्चीवरची टाकी भरली का बघत. सकाळी चादरीची अशी घडी घालत, जणू इथं कुणी झोपलंच नव्हतं. चहासुद्धा मागत तो, “तुला वेळ असेल तर हं,” असं म्हणून. लेकीचा चेहरा पडे.

“बाबा इथं पाहुण्यासारखे वागतात गं,” ती आईला म्हणाली. “एकदा तरी दुपारी झोपले का? घरी तर जेवण झालं की घोरायला लागतात.”

“अगं, परक्या घरी दिवसा आडवं व्हायचं नाही, हा त्यांचा नियम. सख्ख्या भावाकडेसुद्धा ताठ बसून असतात!”

“पण हे परकं घर आहे का, आई?”

आई माझ्यावरची उशी उगाच सारखी करू लागली. मला वाटलं, आपणच थोडं जास्त मऊ असायला हवं होतं.

शेवटच्या दिवशी दुपारी जेवून उंच मनोरा बघायला जायचं होतं. तिकिटं काढून झाली होती. बाबा नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी बूट घालून तयार. “चला, चला,” करून झालं, पण आईची बॅग भरून होईना आणि मुलीला कामाचा फोन आला. बाबा माझ्यावर टेकले. खिडकीतून दुपारचं ऊबदार ऊन येत होतं. जरा वेळानं त्यांनी बूट काढले. मग घड्याळ काढून माझ्या हातावर ठेवलं. मग पाय वर घेतले. मी श्वास रोखून धरला. एकही स्प्रिंग वाजू दिली नाही.

फोन संपवून मुलगी आली, तर खोलीभर घोरणं! आई उठवायला निघाली. मुलीनं तिचा हात धरला. “राहू दे.” मग ती समोर जमिनीवरच बसली आणि डोळे पुसत बघत राहिली. शहरात तेवढंच बघण्यासारखं होतं जणू.

त्या झोपेत बाबा पिशवी घेऊन बाजारातून येत होते. फाटकाला कडी घातली आणि जिना चढू लागले. जिना मात्र इथला होता. वर दार उघडायला लेक होती.

ऊन उतरल्यावर बाबा जागे झाले. “अगं, उठवलं का नाहीस? मनोरा राहिला की!”

“राहू दे हो, बाबा.”

“बरं, पुढच्या वेळी बघू. तो काय पळून जातोय?” असं म्हणून त्यांनी आळस दिला आणि हुकूम सोडला, “चहा टाक गं.”

ते गेले त्याला आता बरेच दिवस झाले. माझी मधली स्प्रिंग कुरकुरते, कापड विटलंय. तुमच्याकडे कुणी शहर बघायला आलं, तर एक दुपार त्यांना मोकळी द्या, एवढंच सांगतो. आणि मुली, नवा सोफा घ्यायचा विचार चाललाय तुझा, कळतं मला. खुशाल घे. पण बाबा मनोरा बघून जाईपर्यंत थांब. दुपारी त्यांना कुठे झोप लागते, ते मला ठाऊक आहे.