एका वायरचे दोन कान

“पुन्हा गुंता! खिशात एकटाच असतोस, तरी कुणाशी मारामारी करतोस रे?”

ताई माझ्यावर करवादली. मित्रांनो, मी एक जुना, वायरवाला इयरफोन आहे. ताईची ही कुरकुर मी रोज ऐकतो, तीही अगदी जवळून. माझी जागाच तशी आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझी हजारो भावंडं एका पट्ट्यावरून सरकत होती. आम्हाला नीट घड्या घालून डब्यांत बसवलं. माझ्या आयुष्यातली शिस्त तिथेच संपली. ताईच्या पहिल्या नोकरीत मी तिच्या कानात गेलो. कंपनीने बनवलेले प्रोग्राम वापरून त्यातल्या चुका शोधायच्या, हे तिचं काम. “याला कधी खरखर नाही,” असं ती ऑफिसात माझं कौतुक करायची आणि मी फुगायचो.

मग चार वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि शब्द गेले. ताईने सहा महिन्यांसाठी म्हणून नोकरी सोडली. सहा महिने संपता संपेनात. पण घरात कुणी “बाबांमुळे” असं चुकूनही म्हणत नसे. “ताईने ब्रेक घेतलाय,” म्हणत. जणू ती चहा प्यायला खाली उतरली होती.

माझंही काम बदललं. रोज सकाळी दहाला बोलायला शिकवणाऱ्या बाईंचा फोन येई. माझा एक कान बाबांना, एक ताईला. बाई म्हणत “पाणी”, बाबा म्हणत “पायरी”. ताई हसायची, बाबा रुसायचे, आणि मग पुन्हा “पाणी”.

यंदा एका बड्या टेक कंपनीने ताईचा अर्ज पहिल्या चाळणीत निवडला. आधी भरती विभागातल्या मॅडम फोनवर वीस मिनिटं बोलणार. त्यांना पटलं, तरच पुढच्या फेऱ्या. धाकट्या भावाने तालीम सुरू केली. उलथनं कानाला लावून तो मॅडम व्हायचा.

“चार वर्षं नोकरी का नव्हती?”

“वैयक्तिक कारणांमुळे.”

“खाली बघू नकोस. पुन्हा!”

“अरे, फोनवर त्यांना दिसणारे का?”

“आवाजात दिसतं, ताई.”

आठवडाभर घरात तेच वाक्य घुमत होतं. एके सकाळी बाईंनी विचारलं, “काल हाताचा व्यायाम का नाही केला, बाबा?” बाबा एका दमात म्हणाले, “वैयक्तिक कारणांमुळे!” चार वर्षांत इतकं मोठं ते काही बोलले नव्हते. बाई हसल्या. ताईही हसली, आणि मग बराच वेळ खिडकीकडे तोंड करून बसली.

भावाने त्या फोनसाठी तिला बिनवायरचे नवे इयरफोन आणले. मी राहिलो बाबांपुरता. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

फोन अकराला ठरला होता. वाजला दहाला! बाईंचाच असणार म्हणून ताईने माझा एक कान बाबांना लावला, दुसरा स्वतःला. पलीकडचा आवाज मात्र निराळाच.

“जरा लवकर फोन करतेय. चालेल ना?”

अशा वेळी ‘तासाभराने करा’ म्हणायचं, हे भावाने पढवलं होतं. ताई म्हणाली, “हो हो, चालेल की!” उत्तरांचा कागद स्वयंपाकघरात. नवे इयरफोन चार्जिंगला. बाबांच्या कानातून मला काढायला गेली, तर त्यांनी डाव्या हाताने वायर घट्ट धरली.

कामाबद्दल ती छान बोलली. चुका कशा शोधते हे सांगताना तिचा आवाज जुना, ऑफिसातला झाला.

मित्रांनो, पुढचं आधीच सांगून टाकतो, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. मॅडमनी गुरुवारची पुढची फेरी दिली. माझं मागणं थोडं आहे. आम्हाला ओढून काढू नका, अलगद गुंडाळा. आणि आमचा एक कान रिकामा असेल, तर तो शेजारच्या माणसाला द्या. त्या दिवशी तो बाबांपाशी नसता, तर त्यांना मॅडमचा हा प्रश्न ऐकूच गेला नसता.

“मधली चार वर्षं कोरी दिसतायत,” मॅडम म्हणाल्या. “काय झालं होतं?”

“वैयक्तिक...” ताई म्हणाली, आणि पाठ केलेलं वाक्य तिथेच अडकलं.

बाबांनी माझा छोटा माइक हळूच स्वतःच्या ओठांशी ओढला. शब्द शोधला. सापडेना. पुन्हा शोधला.

“माझ्या... मुळे,” ते म्हणाले. “माझ्यामुळे. पोरीची... चूक नाही.”