मातीहून सरळ घरी

मातीला जाऊन आलं की सरळ घरी यायचं नसतं. वाटेत कुठंतरी बसायचं, काहीतरी खायचं. मागं लागलेलं कुणी असेल तर ते तिथंच रेंगाळतं. आमच्या मिंदानाओ बेटावर शिकलेलेही हे पाळतात. मी तर सूक्ष्मजीवशास्त्राची पदवीधर, पण घरात तान्ही लिया आहे.

म्हणून जीप थेट क्वार्टरच्या फाटकाशी थांबली तेव्हा लियाला छातीशी धरून मी आतच उभी राहिले.

"कुठं थांबलात?"

माझा नवरा, कॅप्टन लेमुएल, उतरून फाटकाबाहेरच थांबला. सार्जंट ओर्लिनो उतरत म्हणाला, "मॅडम, वाटेतली प्रत्येक बेकरी दाखवली. साहेबांचं एकच, गाडी हाण. माझ्या पोटाचा तरी विचार करायचा!"

"लेमुएल, बाळ आहे घरात."

"माहीत आहे." त्यानं फाटकाला हात लावला नव्हता. "जेर्विनला एकदा मागं ठेवून आलोय. आता परत बेकरीत टाकून येऊ?"

जेर्विन त्याच्या कंपनीतला सगळ्यात लहान शिपाई. त्याच्याच मातीहून ते आले होते.

सार्जंट जवळ येऊन हळू बोलू लागला. "तुम्ही साहेबांना त्या दिवशी बघायला हवं होतं. आम्ही दलदलीत कमरेइतक्या पाण्यात, बांधावरून मशीनगन. डोकं वर काढायची कुणाची छाती नाही. साहेब सरळ उठून उभे राहिले आणि ओरडले, 'अरे, म्हशी आहात काय? पाणी सोडवत नाही?' हसू फुटलं, मॅडम, मरता मरता! मग एकेकाला ओढून नारळीच्या बागेत नेलं. खांदा रक्तानं भिजला तरी परत जात होते. जेर्विन टोकाला राहून गोळ्या झाडत होता, म्हणून तर आम्ही निघालो. त्याला बोलावलं असतं तर सगळेच गेलो असतो. साहेबांनी बोलावलं नाही."

"त्यानं वळून बघितलं होतं," लेमुएल म्हणाला. "हाकेची वाट बघत होता."

लियाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि कडी काढली.

"ये. त्यालाही घेऊन ये."

लेमुएलनं एक पाऊल आत टाकलं. लियानं मान उचलली, त्याच्या खांद्यापलीकडं कुठंतरी पाहिलं आणि भोकाडच पसरलं.

तो थांबला. त्यानंही मागं पाहिलं.

"अरे, दाढी वाढलीय तुझी, म्हणून रडतेय," मी घाईनं म्हणाले. "ये ना आत."

"हं." त्यानं पाऊल मागं घेतलं. "सार्जंट, कोपऱ्यावरची बेकरी उघडी असेल?"

"असेल, साहेब." या वेळी सार्जंटनं थट्टा केली नाही.

जीप गेली. लिया गप्प झाली, तरी मी फाटकातून हलले नाही. आत ओढून घ्यायला हवं होतं त्याला, असं वाटत राहिलं. आणि बरं झालं गेला, असंही.

परतल्यावर लेमुएल माझ्याजवळून आत गेला. सार्जंट टोपी काढून उभा राहिला.

"दोन कॉफ्या मागवल्या, मॅडम. दुसरीला मला हात लावू दिला नाही. ती गार होईपर्यंत समोरच्या रिकाम्या खुर्चीशी बोलत बसले."

"काय बोलले?"

"ते विचारू नका."

आत लेमुएल बूट न काढता भिंतीकडं तोंड करून बसला होता. लियाला घेऊन मी त्याच्या शेजारी बसले. त्यानं आमच्यासाठी जागा केली. मान वर केली नाही.