तेरावी पायरी

शिवणकाकूंना भुताची भीती कधी वाटलीच नाही. वाटेल कशी? पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी स्टुडिओत एका सिनेमातल्या भुताचा झगा त्यांनीच शिवला होता, आणि भुताची पावलं तर खुद्द त्यांच्या नवऱ्याची. पडद्यावर भूत जिना चढायचं तेव्हा हे गृहस्थ माइकसमोर लाकडी खोक्यावर जड बूट आपटत असायचे. सगळे त्यांना पाऊलरावच म्हणत. सतरा पायऱ्या, घाई नाही की गडबड नाही. थिएटरात लोकांची पाचावर धारण बसायची आणि काकू मागच्या रांगेत गालातल्या गालात हसायच्या. तेराव्या पायरीला पाऊलरावांना धाप लागून एक श्वास निसटला होता, तो फक्त काकूंनाच ओळखू यायचा.

पाऊलराव गेले तेव्हा लेक दोन वर्षांची होती. घरात त्यांचे फोटो चिक्कार, पण आवाज म्हणाल तर तेवढा एक श्वास. जीव फारच कासावीस झाला की काकू तो सिनेमा लावायच्या.

लेकही पुढे आवाजाच्याच धंद्यात शिरली. तिचे भयपट नव्या तऱ्हेचे, दर दोन मिनिटांनी धाडकन काहीतरी. काकू एकदा बघायला गेल्या आणि कान चोळत परत आल्या. आमचं भूत बापडं जिना चढून यायचं, तुमचं मेलं थेट मांडीवर येऊन बसतं, असं त्यांनी लेकीला सुनावलं. सतरा पायऱ्या थांबायला आता वेळ कुणाला आहे, असं लेकीचं उत्तर. काकू म्हणायच्या, अगं, वाट बघण्यातच तर सगळं होतं.

आणि नेमकं त्या जुन्या सिनेमाचा आवाज दुरुस्त करायचं काम लेकीकडे आलं. बिचारी महिनाभर खपली. एका दुपारी तिने हौसेने आईला आपल्या खोलीत बसवलं आणि जिन्याचा प्रसंग लावला. पावलं अगदी लख्ख. दहा, अकरा, बारा. तेरावी पायरी आली आणि नुसतीच गेली.

काकू खुर्चीत पुढे सरकल्या. "श्वास कुठे गेला?"

"तिथे जरा घरघर होती, टेपच्या खरखरीबरोबर तीही काढली मी. भूत कधी श्वास घेतं का आई?"

"भूत नाही गं. तुझे बाबा घेत होते."

लेक आईकडे वळली. तिला बिचारीला काय ठाऊक? काकूंनी कधी सांगितलंच नव्हतं. एवढासा तो श्वास, त्यात वाटेकरी नको म्हणून त्यांनी इतकी वर्षं तो स्वतःपुरता दडवून ठेवला होता. आता त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

काढलेला कचरा मशीन टाकून देत नाही, नुसता तेवढाच ऐकता येतो, असं लेक हलकेच म्हणाली. तिने तो लावला. ना संगीत, ना बूट. जुन्या टेपची खरखर, आणि त्या खरखरीत, बुटांच्या दणक्याखाली आजवर कुणालाच ऐकू न आलेली एका माणसाची कुजबुज. पाऊलराव पायऱ्या मोजत होते.

"...अकरा... बारा..." मग तो श्वास. "...तेरा."

काकूंनी पदर तोंडाला लावला. लेक बापाचा आवाज पहिल्यांदाच ऐकत होती. सतरा झाले, खरखर थांबली.

मग तिने टेप मागे नेली. "पहिल्या पायरीपासून लावते," ती म्हणाली आणि आईच्या पायाशी येऊन बसली.