बाबांचा गुडघा आणि माझी रेकी

२००४ साली भाईंदरच्या इंद्रलोक वस्तीतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मृणालिनीताईंनी रेकीचा वर्ग काढला आणि मी, विमा कंपनीतला साधा क्लार्क, दोन रविवारांत उपचारक झालो. शेजारच्या बिल्डिंगमध्ये 'करुणा रेकी' नावाचा दुसरा प्रकार शिकवायचे. आमची उसुई रेकी तेवढी मूळची, त्यांची मागाहून निघालेली, हे मी लिफ्टमध्ये लोकांना अडवून सांगायचो.

पण हात ठेवायला माणूस लागतो. माझ्या बायकोने, सुचेताने, पोळ्यांचं कारण सांगून अंग काढून घेतलं. राहिले बाबा. ते रत्नागिरीहून आमच्याकडे राहायला आले होते आणि त्यांचा उजवा गुडघा फार दुखायचा. मी रोज ऑफिसातून आलो की हातपाय धुऊन त्यांच्या गुडघ्यावर तळवे ठेवायचो आणि इतिहास सांगायचो. जपानमध्ये उसुई नावाचे गृहस्थ कुरामा डोंगरावर उपवासाला बसले, तिथे त्यांना ही शक्ती लाभली, पुढे हवाईमार्गे ती जगभर गेली.

"विमानानं?" बाबांनी विचारलं.

हवाई नावाची बेटं आहेत, हे मी समजावलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. ऊर्जा पोहोचतेय, असं मी समजलो.

महिन्याभरात बाबा एकटे चालत भाईंदर पश्चिमेच्या मासळीबाजारात गेले आणि मांदेली घेऊन आले. पुढच्या रविवारी मी वर्गात उभा राहून तो अनुभव सांगितला. टाळ्या पडल्या. दूरस्थ उपचार शिकून राई गावातल्या आत्यालाही इथूनच बरं करीन, असंही बोलून गेलो.

घरी येऊन टाळ्यांचं सांगितलं, तेव्हा सुचेता भाजी चिरता चिरता म्हणाली, "अहो, मी त्यांना हाडांच्या डॉक्टरांकडे नेतेय. गोळ्या चालू आहेत, दोन इंजेक्शनंही झाली. तुमचा उत्साह बघून सांगवेना."

मी तडक बाहेरच्या खोलीत गेलो. बाबांना विचारलं, मग रोज माझ्यापुढे पाय लांब करून कशाला बसायचात?

"तू एरवी आलास की टीव्हीपुढे बसतोस," बाबा म्हणाले. "तुझी आई गेल्यापासून मला हात लावायला होतं कोण?"

यावर मृणालिनीताईंनी काही शिकवलं नव्हतं. पुढच्या रविवारी वर्गात मी गोळ्यांचंही सांगितलं. टाळ्या पडल्या नाहीत, पण दोघांनी जिन्यात गाठून डॉक्टरांचा पत्ता घेतला.

सोमवारी घरी आलो तर बाबा खुर्ची ओढून तयार बसलेले. मी तळवे ठेवले, इतिहास मात्र काढला नाही. तेव्हा त्यांनीच विचारलं, "त्या उसुईंना मुलंबाळं होती काय रे?"

मला ठाऊक नव्हतं. इतके दिवस मी त्यांच्या नावावरून भांडत होतो, पण ही साधी गोष्ट विचारायचं कधी सुचलं नव्हतं.

"असतील," मी म्हणालो.

"असावीत," बाबा म्हणाले आणि दुसरा पायही पुढे केला.