दोन कुलपांच्या पेटीतली जाळी

मी एक जुनी जाळी आहे. खिडकीची नव्हे आणि कोंबड्यांच्या खुराड्याचीही नव्हे. बेसबॉलच्या खेळात फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून जो चेंडू झेलतो, त्याला कॅचर म्हणतात. त्याच्या तोंडावर मला बांधतात. मला माझी गोष्ट नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. अर्धं आयुष्य दुसऱ्याच्या श्वासात गेलं आणि बरंचसं अंधारात. तरी मित्रांनो, सांगून पाहते.

जालंधरच्या एका कारखान्यात माझ्या सळया वाकवल्या गेल्या. आतून कपाळाला आणि गालांना कातडी गाद्या लावल्या, मागे रबरी पट्टे. आठ वर्षांपूर्वी रामेश्वर सरांनी मला तेलगावला आणलं. सरांना या खेळाचं वेड होतं. आसपासच्या पाच गावांतल्या आईवडिलांना त्यांनी गोळा केलं आणि दहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींची रविवारची लीग उभी राहिली.

कापसाची पऱ्हाटी उपटलेलं एखादं रान म्हणजे आमचं मैदान. प्रत्येक घराला एक काम वाटून दिलेलं. कोणी चुन्याच्या फक्कीच्या रेघा मारायच्या, कोणी पाण्याचा ड्रम आणायचा, कोणी पाहुण्या संघाला जेवू घालायचं. नसीमभाभी वहीत धावा मांडायच्या. पंच म्हणून त्या दिवशी न खेळणाऱ्या गावातला कुणाचा तरी बाप उभा राहायचा. पोर कितीही कच्चं असो, त्याला दोन डाव खेळायला मिळालेच पाहिजेत, हा नियम तर सगळ्या आयांनी हट्टाने करून घेतला होता.

आणि सामानासाठी एक लोखंडी पेटी होती. सामान एकाच्या घरी ठेवलं, की दुसऱ्याला वाटायचं, त्यांचीच मुलं रोज सराव करतात. म्हणून पेटीला दोन कुलपं लावली. एकाची चावी नसीमभाभींच्या नवऱ्याकडे, म्हणजे अशफाक मेकॅनिककडे. दुसरी आश्रुबा शेतकऱ्याकडे. त्यांना सगळे तात्या म्हणत. दोघे समोर असतील तरच पेटी उघडायची. एकट्याने आपलं कुलूप उघडं टाकून जायचं नाही. पेटी ठेवली भामाबाईच्या पिठाच्या गिरणीत, कारण तिथे सगळ्यांचंच येणंजाणं. या युक्तीचा गावाला फार अभिमान होता. खरं सांगायचं तर मलाही होता.

अशफाकची मुलगी मुबश्शिरा दहाव्या वर्षी कॅचर झाली. तात्यांची नात वैष्णवी चेंडू फेकायची. एकदा वैष्णवीच्या चेंडूने माझी एक सळई वाकली, तेव्हा अशफाकने ती सरळ करून वर दुसरी सळई जोडली. “आता ट्रक गेला तरी न्हाई वाकनार,” तो म्हणाला. त्या दिवशी मी फार फुशारले.

गेल्या हंगामातला शेवटचा सामना गेवराईशी होता. ठरलेल्या पंचाची मोटारसायकल वाटेत बंद पडली. सगळ्यांनी आग्रह करून तात्यांनाच उभं केलं. शेवटच्या डावात गेवराईचा एक मुलगा धाव पुरी करायला होम प्लेटकडे सुटला. त्याचा पाय पडायच्या आत मुबश्शिराने चेंडू धरलेला हातमोजा त्याला लावायचा होता. धुरळा उडाला. तात्यांनी दोन्ही हात आडवे केले, “सेफ!” म्हणजे बाद नाही. तेलगाव हरलं.

“तात्या, डोळे दाखवून घ्या डॉक्टरला!” अशफाक ओरडला. “आंधळा पंच उभा केलाय बे यांनी!”

चारशे माणसं हसली. तात्यांनी टोपी झटकली आणि ते चालू लागले.

मित्रांनो, मी तेव्हा मुबश्शिराच्या चेहऱ्यावर होते. हातमोजा लागण्याआधी चेंडू सुटून मातीत पडला होता. तिने तो झटकन उचलून घेतला. मी ते पाहिलं. पण जाळीला तोंड कुठे असतं?

संध्याकाळी आम्हाला पेटीत ठेवलं. दोघांनी एकमेकांकडे न बघता कुलपं लावली. दोघांना समजावणारे रामेश्वर सर एकटेच, आणि त्यांची महिन्याभरात बदली झाली.

मग अंधार. लोक माझ्या फटींतून जग बघायचे, आता माझ्याच डोळ्यांपुढे पत्रा होता. गिरणी सुरू झाली, की पेटी थरथरायची. झाकणाच्या फटीतून पीठ झिरपायचं आणि गाद्यांवर बसायचं. घामाचा जुना वास आतल्या आत आंबला. रबरी पट्टे कडक होत चालले, ते मला कळत होतं. हातमोजे, बॅटी, चेंडू, सगळे मुकाट पडून होतो.

नवा हंगाम आला. पहिल्या रविवारी सकाळी एक कुलूप खटकन उघडलं. माझ्या जिवात जीव आला. अशफाकच होता. तो तासभर थांबला, पुन्हा कुलूप लावून गेला. दुपारी दुसरं कुलूप उघडलं. या वेळी तात्या. तेही थांबले, लावून गेले.

“आवो, सकाळी अशफाकभाई येऊन गेला की!” भामाबाई मागून ओरडली.

“मग थांबला कावून न्हाई?” तात्या म्हणाले.

तेलगावकडे सामानच नाही, म्हणून समोरच्या संघाला पुढे चाल मिळाली. पुढच्या रविवारी पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा झालं, की संघ बाद होणार होता. मुबश्शिराला पुढच्या हंगामात वयामुळे खेळता येणार नव्हतं. वैष्णवी आणि ती पेटीवर बसून बोलायच्या, ते मला ऐकू यायचं.

“तू तुझ्या अब्बूला सांग ना.”

“तू तुझ्या आजोबांना सांग.”

“आजोबा ऐकत न्हाईत. नुसते गप बसतेत.”

मुबश्शिराच्या मग टाचा पत्र्यावर हळूहळू आपटत राहायच्या.

तिसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी गिरणीचा पट्टा तुटला. भामाबाईने अशफाकला बोलावलं. तात्या ज्वारी दळायला आधीच येऊन बसले होते. दोन्ही चाव्या एका छपराखाली आणि मी तशीच आत! अशफाकच्या पान्याचा तेवढा आवाज.

तेवढ्यात बापाचा डबा घेऊन मुबश्शिरा आली. डबा खाली ठेवल्याचा आवाज झाला.

“अब्बू, चेंडू सुटलता.”

“कोणता चेंडू?”

“गेवराईच्या मॅचमधला. हातातून पडलता. तात्या बरोबर व्हते. मी सांगितलंच न्हाई.”

पाना थांबला. तात्यांचा आवाज आला, “मला दिसलं व्हतं.”

“मग बोलला कावून न्हाई?” अशफाकचा आवाज चिरकला. “मी गावभर तुमाला आंधळा म्हनत फिरलो!”

“पोरगी रडकुंडीला आलती. एवढ्या मानसांत तिला खोटं पाडू का? तू आंधळा म्हनला, म्हन. मला सोसतं.”

“मग चावी घेऊन माझ्यासंग पेटीपाशी आला कावून न्हाई?”

“तुझ्या दुकानावरून मी जाताना तू सलाम करायचा सोडला,” तात्या म्हणाले. “ते न्हाई सोसलं.”

अशफाकची पेटीकडे येणारी पावलं ऐकू आली, त्याचं कुलूप खटकन उघडलं. “सलाम, तात्या,” तो अगदी हळू म्हणाला. “लावा चावी.”

“सलाम झाला असंल तर पट्ट्याचं बघा,” भामाबाई म्हणाली. “भाएर रांग लागली हाय!”

तात्यांची चावी कमरेच्या करगोट्याला बांधलेली होती आणि गाठ काही सुटेना. शेवटी ते पोट पेटीला टेकवून वाकले आणि तसंच कुलूप उघडलं. मुबश्शिरा रडत होती आणि तेवढ्यातही हसली. झाकण उघडलं. उजेड इतका झाला, की मला काही दिसेना.

तिने मला तोंडावर धरलं, तर पट्टे बोटांत तुटून आले. नसीमभाभींनी रातोरात परकराच्या जाड नाड्या शिवून दिल्या. रविवारी मुबश्शिरा फलंदाजाच्या मागे बसली. आम्ही तो सामना हरलो, पण नऊच्या नऊ डाव माझ्यात तिचा गरम श्वास होता.

हंगाम संपला. आता एक लहान मुलगा मला लावतो. मी त्याच्या नाकावर घसरते. पेटीला अजूनही तीच दोन कुलपं आहेत. झाकण पडलं, की अजून माझा जीव दडपतो.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागते. खेळून झालं, की माझा घाम पुसा, मला घटकाभर ऊन दाखवा. आणि मोठे झालात, चाव्या तुमच्या हाती आल्या, तर रागवा, भांडा, हवं तर बोलू नका. पण आधी पेटी उघडून द्या. आत मुलांचा रविवार असतो.